कळमनुरीतून दिसणारे पानिपत

युद्ध आणि विज्ञान यांची सांगड घालणारा कादंबरीकार हा पेशा मराठीत फारसा रुजला नाही. त्या वाटेच्या सर्वांत निकट गेले ते जयंत नारळीकर. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत, आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून, आद्याक्षरे उलटी फिरवून नारायण विनायक जगताप या नावाने त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली, आणि तिला पारितोषिक मिळाले. ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ पुढे आलीच. परंतु माझ्या मते त्यांचे खरे रणांगण ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. या कथेत पानिपतावर पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांना लागावयाची गोळी कानाजवळून निसटते आणि मराठे जिंकतात. मुंबईत मात्र कंपनी सरकारचा अंमल कायम असतो, हा लेखकाचा खट्याळपणा!

मराठवाड्यातील कळमनुरीच्या वाचकाला ही कथा निराळी भिडते. 1760 च्या प्रारंभी उदगीरला निजामाचा पराभव करून मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब परतूरमार्गे उत्तरेकडे वळले. पुढल्या वर्षी 14 जानेवारीला पानिपतचा निकाल लागला, आणि हा मुलूख मात्र अखेर निजामाच्याच अमलात राहिला. शेजारी हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी पडली, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या या तालुक्याच्या कचेरीत उर्दूतून दफ्तर चालले, आणि तो अंमल सप्टेंबर 1948 मध्ये संपला. गोळी चुकली असती तर येथील सातबारा कोणत्या लिपीत उतरला असता, हा प्रश्न कथानायक गंगाधरपंतांना पडला नाही. ते आझाद मैदानावर अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.