जिन्याखालची पेटी

स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास म्हटलं की भूमिपूजन, कन्व्हेयन्स आणि पाण्याची टाकी ठरलेलीच. मी लिहितोय तो इतिहास जिन्याखालच्या पेटीचा, म्हणजे आपल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा.

चित्रण साठवायला जागा किती लागेल, ही चिंता जुनीच. १९५० च्या दशकात बीबीसीने बनवलेल्या ‘व्हेरा’ यंत्रात फीत सेकंदाला २०० इंच पळायची. पंधरा मिनिटांच्या चित्रणाला साडेचार किलोमीटर फीत! १९५६ मध्ये अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने फिरत्या हेडचं यंत्र आणलं, वेग १५ इंचांवर आला. तरी फिती महागच. बीबीसी जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे भरायची. ‘डॉक्टर हू’चे कितीतरी भाग असेच गेले.

आपली पेटीही तेच करते. डिस्क भरली की सगळ्यात जुनं पुसते.

२०१२ साली आपण आठ कॅमेरे बसवले, तेव्हा मी सेक्रेटरी होतो. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला १ मेगाबिट पाठवायचा. दिवसाचे ८६,४०० सेकंद, आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे कॅमेऱ्यामागे रोज १०.८ जीबी, आठांचे ८६.४. एक टीबीच्या, म्हणजे १००० जीबीच्या डिस्कवर साडेअकरा दिवस मावायचे. ‘अकरा दिवस’ असं मिनिटबुकात मीच लिहिलं.

२०१९ मध्ये कॅमेरे बदलले. चेहरे स्वच्छ दिसू लागले, सगळे खूश. आता कॅमेरा ४ मेगाबिट पाठवत होता. डिस्क मात्र पैसे वाचवायला जुनीच ठेवली.

त्या दिवाळीत बी विंगमधली सायकल गेली. संशय रात्रीच्या वॉचमनवर. तो म्हणाला, “साहेब, रेकॉर्डिंग बघा ना.” आम्ही बघायला बसलो पाचव्या दिवशी. रोजचे ३४५.६ जीबी, म्हणजे डिस्कवर तीन दिवसही मावत नव्हते. ती रात्र पुसली गेली होती. वॉचमन महिनाअखेर काम सोडून गेला. सायकल कुणी नेली ते आजही माहीत नाही. हिशेबाला मला दोन मिनिटं लागली असती.

नंतर केला. तीस दिवसांना १०.४ टीबी! मग एच.२६५ ही पद्धत चालू केली. साधारण तेवढंच चित्र ती निम्म्या जागेत बसवते. म्हणजे ५.२ टीबी, म्हणून सहाची डिस्क घेतली. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड करायचीही सोय असते. पण पाऊस, दिव्याभोवतीचे किडे आणि गणपतीचे दहा दिवस बघता त्या बचतीवर मी हिशेब मांडला नाही.

हे लिहिण्याआधी पेटी उघडून पाहिली. सगळ्यात जुनं चित्रण चौतीस दिवसांपूर्वीचं निघालं.