पाण्याने भुसावळला

कडोदऱ्याच्या चार रस्त्यावरून महामार्गाने उत्तरेला निघाले की कामरेजला तापी लागते. आमच्या घरची माणसे पुलावर आली की आपसूक हात जोडतात. हे पाणी भुसावळवरून आलेले! आईच्या अस्थी आम्ही इथेच सोडल्या.

परवा धाकटा म्हणाला, "बाबा, मोटारबोट घेतली तर पाण्यानेच गावाला जाता येईल ना?" मी हसलो खरा, पण रात्री नकाशा काढून बसलो.

कायदा पोराच्या बाजूने आहे. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंतची तापी हा १०० क्रमांकाचा जलमार्ग ठरवला आहे. पण वाटेत काकरापार आणि उकाई आडवी, आणि सुरतेतच सिंगणपोरचा बंधारा. भरतीचे पाणी तिथेच अडते.

मोठ्या जहाजांना तर ही नदी पूर्वीही सोपी नव्हती. मुखाशी वाळूचे दांडे. १६०८ साली इंग्रजांचे 'हेक्टर' आले ते मुखाबाहेर थांबले, आणि कप्तान हॉकिन्स होडीने सुरतेत शिरला. पुढे जहाजे सुवाळीला नांगरू लागली; माल लहान होड्यांतून नाहीतर बैलगाड्यांतून शहरात येई. जानेवारी १६६४मध्ये महाराज सुरतेवर आले, तेव्हा पुष्कळ सुरतकर हीच नदी ओलांडून पळाले. आपल्या शालेय पुस्तकांत लूट असते, नदी नसते.

मुलाला म्हटले, "भरती पाहून मगदल्ल्यापासून बंधाऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

"आणि भुसावळ?" तो म्हणाला.