साउथ ब्रेनट्रीचा दरोडा आणि त्यानंतरची सात वर्षे

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानात, बोस्टन शहराच्या दक्षिणेस, साउथ ब्रेनट्री नावाचे, त्या काळी बूट बनविणारे, एक गाव आहे. १५ एप्रिल १९२० रोजी दुपारी तीनच्या सुमारास तेथील स्लेटर अँड मॉरिल या बुटांच्या कारखान्याचा पगार कचेरीतून खालच्या इमारतीकडे चालला होता. पगारवाटप करणारा पारमेंटर आणि रखवालदार बेरार्देली असे दोघे जण दोन पेट्या घेऊन पायीच निघाले होते. पेट्यांत एकूण १५,७७६ डॉलर होते. कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या दोन माणसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बेरार्देली जागच्या जागी गेला. पारमेंटर दुसऱ्या दिवशी पहाटे मरण पावला. एक मोटार पुढे आली, मारेकरी पेट्यांसह तीत चढले आणि गाडी रेल्वेचे फाटक ओलांडून पसार झाली. सगळा प्रकार मिनिटभरात आटोपला. दोन दिवसांनी ती मोटार जंगलात बेवारशी सापडली.

असे दरोडे त्या काळी अमेरिकेत पुष्कळ पडत, आणि हाही चार दिवसांत विसरला गेला असता. परंतु ५ मे रोजी ब्रॉक्टन गावी ट्रॅममधून दोन इटालियन माणसांना पोलिसांनी उतरवून घेतले. निकोला सॅको हा बुटांच्या कारखान्यातील कसबी कामगार. बार्तोलोमेओ व्हॅन्झेटी हा हातगाडीवर मासळी विकणारा. दोघेही १९०८ साली अमेरिकेत आलेले, दोघेही अराज्यवादी. सॅकोजवळ .३२ चे कोल्ट पिस्तूल निघाले, व्हॅन्झेटीजवळ .३८ चे रिव्हॉल्व्हर. चौकशीत दोघेही खोटे बोलले.

आता हे खोटे बोलणे श्रोत्यांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण साऱ्या खटल्याची मदार त्यावर होती. अपराधी मन म्हणून ते खोटे बोलले, असे फिर्यादी पक्षाचे म्हणणे. आरोपींचे म्हणणे निराळे. १९१९-२० च्या हिवाळ्यात अमेरिकन सरकारने परदेशी क्रांतिवाद्यांची सरसकट धरपकड चालविली होती. अटकेच्या दोनच दिवस आधी, ३ मे रोजी, त्यांचा एक सहकारी न्यूयॉर्कमधील न्यायखात्याच्या कचेरीच्या चौदाव्या मजल्यावरून पडून मेला होता. आपल्याला राजकारणासाठी धरले आहे असे समजून आपण मित्रांना वाचवीत होतो, असा त्यांचा बचाव. दोन्ही स्पष्टीकरणे संभवतात, आणि येथेच खरी पंचाईत आहे.

व्हॅन्झेटीवर प्रथम निराळाच खटला झाला. आदल्या नाताळच्या आदल्या दिवशी ब्रिजवॉटर येथे पगार लुटण्याचा एक फसलेला प्रयत्न झाला होता, त्याबद्दल. त्या दिवशी हा आम्हाला वाम मासे विकत होता, असे अनेक इटालियन शेजाऱ्यांनी सांगितले. पंचांनी ते मानले नाही आणि बारा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीश होते वेब्स्टर थेयर. पुढचा खुनाचा खटलाही त्यांच्याच पुढे चालला.

तो खटला डेडहॅम येथे ३१ मे १९२१ रोजी सुरू झाला. दीडशेहून अधिक साक्षीदार झाले. त्यांतील ओळख पटविणाऱ्यांचा तपशील मी सांगत बसत नाही, कारण त्यात राम कमी आहे. एकच नमुना देतो. फाटकावरच्या माणसाने शपथेवर सांगितले की गाडी व्हॅन्झेटी हाकीत होता. पण बाकीच्यांनी पाहिलेला हाकणारा दिसायला अगदीच वेगळा होता. तेव्हा आमच्या साक्षीदाराची जागेपुरती चूक झाली, व्हॅन्झेटी मागे बसला असेल, असे सरकारी वकील कॅट्झमन यांनी स्वतःच पंचांना सांगितले! सॅको त्या दिवशी कामावर नव्हता, ही गोष्ट खरी. आपण पासपोर्टासाठी बोस्टनच्या इटालियन वकिलातीत गेलो होतो, असे तो म्हणे. त्याने आणलेला भलामोठा फोटो आठवणारा एक कारकूनही निघाला. उलटतपासणीत कॅट्झमन यांनी त्याला विचारले ते मात्र भलतेच: १९१७ साली सैन्यभरती टाळण्यासाठी तू मेक्सिकोला का गेलास, या देशावर तुझे प्रेम आहे काय? महायुद्ध संपून तीन वर्षेही झाली नव्हती. समोर बसलेल्या बारा पंचांच्या मनावर या प्रश्नांचा काय परिणाम झाला असेल तो सांगायला नको.

उरला पुरावा पिस्तुलाचा. दोन्ही प्रेतांतून मिळून सहा गोळ्या निघाल्या. त्यांपैकी पाच एका हत्याराच्या. एकच, बेरार्देलीचा प्राण घेणारी, कोल्टची होती. ती सॅकोच्याच पिस्तुलातून सुटली काय? राज्य पोलिसांचे कॅप्टन प्रॉक्टर साक्षीला उभे राहिले. ती गोळी त्या पिस्तुलातून सुटली असण्याशी विसंगत काही नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ऐकणाऱ्याला वाटले, सुटलीच! १९२३ साली याच प्रॉक्टरांनी प्रतिज्ञापत्र केले की, ती गोळी याच पिस्तुलाची असे मला कधीच आढळले नव्हते, हे मी सरकारी वकिलांना वेळोवेळी सांगितले होते, आणि म्हणूनच प्रश्न आणि उत्तर त्या बेताने जुळविले होते. सरळ प्रश्न विचारला असता तर मी नाही म्हणालो असतो. साक्षीतला प्रत्येक शब्द खरा असूनही साक्ष दिशाभूल करणारी असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

१४ जुलै १९२१ रोजी पंचांनी काही तासांच्या विचारानंतर दोघांनाही दोषी ठरविले. पुढची सहा वर्षे फेरविचाराच्या अर्जांत गेली, आणि येथे आपल्याकडच्या श्रोत्याला नवल वाटेल. आपल्याकडे सेशन कोर्टाने दिलेली फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि हायकोर्ट सारा पुरावा नव्याने तपासते. आपली ज्यूरीची पद्धत उठण्यापूर्वी, पंचांचा निकाल न पटल्यास न्यायाधीश तो हायकोर्टाकडे पाठवू शकत असे. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईत तसेच घडले. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र वरिष्ठ न्यायालय त्या काळी फक्त कायद्याच्या चुका पाही. नवा पुरावा निघाल्यास फेरखटला द्यावा की नाही, हे ज्याने खटला चालविला त्याच न्यायाधीशाने ठरवायचे. प्रॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र थेयर यांच्यापुढे गेले. त्यांनी ते फेटाळले. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्याच तुरुंगातील सेलेस्टिनो मादेरोस या दुसऱ्या खुनी कैद्याने चिठ्ठी पाठविली की ब्रेनट्रीच्या दरोड्यात मी होतो, सॅको आणि व्हॅन्झेटी नव्हते. तीही १९२६ साली थेयर यांनीच फेटाळली. आणि हेच थेयर कोर्टाबाहेर आरोपींबद्दल शिवराळ बोलल्याचे एका प्राध्यापकाने सांगितले होते. वरिष्ठ न्यायालयाने दोनदा निकाल कायम केला: कायद्याची चूक नाही!

१९२७ च्या मार्चमध्ये हार्वर्डचे प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी ‘अटलांटिक’ मासिकात या खटल्याची चिरफाड केली. जगभर निदर्शने झाली. गव्हर्नर फुलर यांनी हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांच्यासह तिघांची समिती नेमली. खटल्यात जागेवर सापडलेली एक टोपी सॅकोची म्हणून पुढे आली होती. तिच्या अस्तरातील भोक खिळ्याला टोपी टांगल्याचे, असा फिर्यादीचा दावा. ते भोक आपणच तपासताना पाडले, असे एका पोलीस अधिकाऱ्याने या समितीपुढे सांगितले. तरीही समितीने खटला योग्य ठरविला. २३ ऑगस्ट १९२७ रोजी मध्यरात्रीनंतर चार्ल्सटाउनच्या तुरुंगात मादेरोस, सॅको आणि व्हॅन्झेटी यांना एकामागून एक विजेच्या खुर्चीत बसविण्यात आले.

पुढे १९६१ साली आणि पुन्हा १९८३ साली नव्या साधनांनी गोळी तपासली गेली. ती सॅकोच्या पिस्तुलाचीच, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. तेव्हा सॅको निर्दोष होता असे छातीठोकपणे म्हणण्यास मी तयार नाही. गोळी मागाहून बदलली गेली असावी, अशी शंका काहींनी घेतली आहे, पण ती शंकाच आहे. व्हॅन्झेटीविरुद्धचा पुरावा मात्र आजही अगदी लुळा वाटतो. १९७७ साली, मृत्यूच्या पन्नासाव्या वर्षी, गव्हर्नर डुकाकिस यांनी खटला निष्पक्ष झाला नाही असे जाहीर केले. ते दोषी की निर्दोष याबद्दल जाहीरनाम्यात काही म्हटले नाही, आणि ते योग्यच केले.

मॅसॅच्युसेट्सने १९३९ साली कायदा बदलला. आता देहदंडाच्या गुन्ह्यात वरिष्ठ न्यायालयाला कायदा आणि पुरावा दोन्ही तपासता येऊ लागले. थेयर यांच्या घरावर १९३२ साली बॉम्ब पडला होता. ते १९३३ साली वारले. पारमेंटर आणि बेरार्देली यांची नावे या साऱ्या गदारोळात मागे पडली. त्या दुपारी मोटारीत आणखी जे बसले होते त्यांच्यावर कधीच खटला उभा राहिला नाही, आणि त्या दोन पेट्यांतला पैसा कुणाच्याही हाती लागला नाही.