फितूर कोण? : गिरणी कामगारांच्या इतिहासातला एक अवघड प्रश्न

२०१९ च्या मार्चमध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांचे पगार थकले होते. त्यांच्या 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' या संघटनेने १ एप्रिलपासून विमाने न उडवण्याचे ठरवले. मग ती तारीख १५ एप्रिलवर गेली आणि तीही पुढे ढकलली गेली. काही वैमानिक कंपनी सावरेल या आशेने थांबले, काहींनी दुसऱ्या कंपनीची वाट धरली. १७ एप्रिलला जेटचे शेवटचे विमान उडाले. यात थांबलेला तो निष्ठावान आणि गेलेला तो फितूर, असा निवाडा आपण करू शकतो का?

भरघोस पगाराच्या माणसांचा हा पेच आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याला नवा नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव सोडलेली कित्येक कुटुंबे स्वस्त घराच्या शोधात कल्याणच्या पुढे आली. त्या घरांत संपाचा विषय निघाला की अजूनही आवाज चढतात. शेवटपर्यंत घरी कोण बसला आणि कामावर कोण गेला, याचा हिशेब मिटलेला नाही. कामावर गेलेल्याला फितूर म्हणणे सोपे आहे. पण गिरण्यांचा इतिहास थोडा मागे जाऊन वाचला, तर तो शब्द उच्चारताना जीभ अडखळते.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मालकांना कमी माणसांत जास्त काम हवे होते. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवायचे, म्हणजे तिसऱ्याच्या पोटावर पाय. नोकऱ्या जाण्याच्या या भीतीतूनच 'गिरणी कामगार युनियन' हा लाल बावटा उभा राहिला. कॉम्रेड डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे तिचे पुढारी.

याच संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक प्रश्न विचारला. गिरणीत जास्त मजुरी साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात मिळे. त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून काढावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेला धोटा इतरांना चालत नसे. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, हे दार उघडण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असे त्यांनी उत्तर दिले. दुर्दैवाने ते खोटे नव्हते.

येथे आपण मुसलमान वाचकांनी जरा थांबले पाहिजे. साळखात्यात मराठा कामगारांच्या जोडीला आपले मोमीन विणकरही होते. १८५७ नंतर उत्तरेतून उठून आलेल्या जुलाह्यांची वस्ती मदनपुऱ्यात झाली आणि त्यांचे हुन्नर मुंबईच्या गिरण्यांच्या कामी आले. आपण त्याचा अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. परंतु ते दार बंद होते तेव्हा आपण दाराच्या आत होतो, हेही लिहून ठेवले पाहिजे. मसावातचा, समतेचा धडा आपण मशिदीच्या सफीत गिरवतो. तो साळखात्यापर्यंत पोहोचला असता तर?

१९२९ मध्ये लाल बावट्याने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. या वेळी बाबासाहेबांनी संपाला विरोध केला. आधीच्या सहा महिन्यांत कर्जात बुडालेल्या आपल्या माणसांना त्यांनी कामावर जाण्यास सांगितले. ते कामगार फितूर होते काय? ज्या साचाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती, त्या साचाच्या रक्षणासाठी त्यांनी उपाशी राहावे, अशी ती अपेक्षा होती.

दुसरे चित्र त्याच काळातले. शिवडीच्या तेल कंपन्यांतील संप मोडण्यासाठी पठाण कामावर घेतले गेले. संपकरी आणि पठाण यांच्यातले वैर, त्यात पठाण मुले पळवतात ही अफवा. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत दंगल पेटली. पोटाचे भांडण पाहता पाहता धर्माचे झाले. संघटनेने ज्याला आपला मानले नाही त्याला मालकाने हाताशी धरले आणि मार दोघांनीही खाल्ला.

पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आखडणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी कामावर गेलेला माणूस कायमचा गेला नव्हता. त्याचाही प्रश्न आहे, हे मान्य होताच तो परत आला.

१९८२ साली पेच वेगळ्या रूपात आला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच प्रातिनिधिक संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगारांचे मन मात्र डॉ. दत्ता सामंतांकडे गेले होते. कायदा एकीकडे आणि विश्वास दुसरीकडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. एक लाखाहून अधिक लोकांची नोकरी गेली.

त्या काळात भिवंडीचे यंत्रमाग धडधडत होते. तेथे आपलेच मोमीन अन्सारी भाई मालक आणि आपलेच कारीगर मजूर. गिरण्या बंद असूनही बाजारात कापड कमी पडले नाही, याचे मोठे कारण हे माग. आणि गंमत नव्हे, दुःख असे की घरात चूल पेटावी म्हणून काही संपकरी त्याच मागांवर कमी मजुरीत राबले. त्या मजुरीवर तो संपात टिकला आणि त्याच कापडाने त्याचा संप मोडला. त्याला काय म्हणावे?

शिक्षणसेवक असताना संघटनेची वर्गणीची पावती माझ्यापुढेही आली होती. आमच्या मानधनाचा मुद्दा निवेदनात आहे का, असे मी विचारले. "आधी कायम व्हा," असे हसत उत्तर मिळाले. पैसे मी दिले, पण मनाने त्या दिवशी मी बाहेरच राहिलो. आज माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबतात. शेजारच्या कायम कामगाराचा झेंडा त्यांचा नसतो. उद्या कपात आली आणि ते कायम माणसाच्या जागी उभे राहिले, तर त्यांनाही फितूर म्हटले जाईल.

तो शब्द उच्चारण्यापूर्वी एवढेच पाहावे की, मागण्यांच्या यादीत त्यांच्या नावाची एखादी ओळ होती की नव्हती.