तपासणी दोघांची, आणि आधी

गरोदर स्त्रीची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, असे आपल्याकडे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण काही गोष्टींचा निकाल त्याहीआधी, बीजांड आणि शुक्राणू एकत्र येतात तेव्हाच लागलेला असतो. जळगाव-धुळ्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवणाऱ्या शिक्षकांना यातला जवळचा प्रश्न म्हणजे सिकलसेल. गर्भधारणेआधी तपासणी का करावी आणि ती कशी करू नये, या दोन्ही गोष्टी या आजाराच्या इतिहासातून समजतात.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 साली ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या काही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. म्हणून रुग्णाला तीव्र वेदना होतात आणि रक्तक्षय होतो. 1949 साली जेम्स नील आणि ई. ए. बीट यांनी स्वतंत्रपणे आनुवंशिकतेचा उलगडा केला: दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक होतो, दोघांकडून आला तर रुग्ण. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या रीतीने सरकते, हे दाखवले. वाहक ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी याच तत्त्वावर चालते.

भारतात सिकलसेलची नोंद 1952 साली नीलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंदी प्रसिद्ध केल्या. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी भागांत अनेक वर्षे काम केले. भिल्ल आणि पावरा यांसारख्या काही गटांत हा दोष शंभरात वीसहून अधिक जणांत आढळला. 1998 साली नंदुरबार वेगळा होईपर्यंत सातपुड्यातील अक्कलकुवा, धडगाव हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता.

एवढे प्रमाण का? अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणजे हा कुणाच्या कुळाचा कलंक नव्हे. हिवतापाच्या प्रदेशात टिकून राहण्याची ती खूण आहे.

आता गणित पाहू. दोन्ही पालक वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वर्गात दोन नाणी एकदम उडवून पाहावे. दोन्हींवर छापा म्हणजे रुग्ण. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही, हेही मुलांना नाण्यांवरून लगेच पटते. एखाद्या गटात पाचात एक वाहक असेल आणि लग्ने या बाबतीत योगायोगाने होत असतील, तर पंचविसात एक जोडपे वाहक-वाहक असेल. जोडीदारांपैकी एकच वाहक असेल, दुसऱ्यात असा दोष नसेल, तर मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. म्हणूनच एकट्या सुनेला तपासून गणित सुटत नाही.

पण तपासणी म्हणजे शहाणपण नव्हे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस गावात लोकांची सिकलसेलसाठी तपासणी करून सल्ला देण्यात आला होता. काही वर्षांनी पाहिले, तर वाहक-वाहक विवाह योगायोगाने व्हावेत साधारण तेवढेच झाले होते. वाहकांना कमी लेखले जाऊ लागले, म्हणून काहींनी आपला निष्कर्ष लपवला होता. लोकांना कागद मिळाला होता. वाहक म्हणजे आजारी नव्हे, ही समज गावात रुजली नव्हती.

आपल्याकडे 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या सुमारे 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. आधी विद्राव्यता चाचणी होते. द्रावण गढूळ झाले तर दोष आहे एवढेच कळते. वाहक की रुग्ण, हे पुढच्या चाचणीत ठरते. गढूळ द्रावण पाहून कुणाला रुग्ण ठरवू नये.

दोघेही वाहक निघाले, तर लग्न मोडलेच पाहिजे असे नाही. आधी माहीत असेल, तर गर्भाची तपासणी वेळेत करता येते, किंवा मूल जन्मताच तपासून उपचार लवकर सुरू करता येतात. स्त्री स्वतः रुग्ण असेल, तर हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाबद्दल दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते. यातला निर्णय त्या जोडप्याचा. माहिती देणे आपले काम.

आनुवंशिकतेचा धडा आपण वाटाण्याच्या उंच-बुटक्या रोपांवर शिकवतो. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री येथील शिक्षकांना आमचे सुचवणे आहे, की त्याच तासाला नाणीही उडवावीत. मात्र वर्गात कोण वाहक आहे, हे विचारू नये. या मुलांपैकी काही जण पाच-सात वर्षांत आई-बाप होतील. तेव्हा "तिची तपासणी केली का?" असे न विचारता "आपली दोघांची झाली का?" असे त्यांनी एकमेकांना विचारले, तर तो धडा समजला असे म्हणता येईल.