अटलांटिकच्या दोन तीरांवरील निदान

बहुतेक मनोविकारांच्या बाबतीत रक्ताची तपासणी किंवा क्ष-किरण चित्र निर्णायक ठरत नाही, त्यामुळे रुग्णाचे बोलणे, त्याचे वागणे आणि नातेवाइकांनी सांगितलेली हकिगत यांवरूनच वैद्याला निदान ठरवावे लागते. अशा स्थितीत एकाच रुग्णाला तपासणारे दोन वैद्य एकाच निदानापर्यंत पोहोचतात की नाही, म्हणजेच निदान कितपत विश्वासार्ह आहे, हा प्रश्न मनोविकारशास्त्राच्या आरंभापासूनच विचारला जायला हवा होता. प्रत्यक्षात एमिल क्रेपेलिन याने १८९९ मध्ये आजच्या वर्गीकरणाचा पाया घातल्यानंतर अर्धे शतक लोटले, तरी त्याची आकड्यांनी पडताळणी क्वचितच झाली. १९४९ मध्ये फिलिप अॅश याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन मनोविकारतज्ज्ञांनी तपासलेल्या ५२ रुग्णांपैकी जेमतेम एक पंचमांश रुग्णांच्या नेमक्या निदानावर तिघांचे एकमत झाले. पुढे १९६२ मध्ये अॅरन बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात मतभेदांची कारणे शोधली, तेव्हा रुग्णाने दोन वैद्यांना वेगवेगळी माहिती दिल्यामुळे झालेले मतभेद फक्त ५ टक्के निघाले. सुमारे एक तृतीयांश मतभेद वैद्यांच्या मुलाखतीच्या आणि अर्थ लावण्याच्या पद्धतीतील फरकामुळे, तर ६२.५ टक्के वर्गीकरणाच्याच संदिग्धतेमुळे झाले होते.

हा दोष एका शहरापुरता नव्हता, हे त्याच सुमारास शासकीय आकडेवारीतून दिसू लागले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ मॉर्टन क्रेमर याने दोन देशांतील रुग्णालयांत प्रथमच दाखल होणाऱ्या रुग्णांची तुलना केली. उन्माद आणि विषण्णता यांच्या लाटा ज्यात येतात तो विकार, म्हणजे आजचा द्विध्रुवीय विकार, इंग्लंडमध्ये कितीतरी पटींनी अधिक आढळत होता, तर अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचे, म्हणजेच छिन्नमनस्कतेचे, प्रमाण जास्त होते. एकच भाषा बोलणाऱ्या दोन समाजांत वेडाचे प्रकार खरोखरच इतके निराळे असतील, की निराळे असतील ते फक्त वैद्य?

याच्या उत्तरासाठी जॉन कूपर, रॉबर्ट केंडेल, बॅरी गरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतलेला संयुक्त प्रकल्प या इतिहासातील सर्वांत निर्णायक प्रकरण मानावा लागेल. न्यूयॉर्कचे ब्रुकलिन स्टेट हॉस्पिटल आणि लंडनजवळचे नेदर्न हॉस्पिटल येथे लागोपाठ दाखल झालेल्या प्रत्येकी २५० रुग्णांची प्रकल्पातील वैद्यांनी ठरावीक प्रश्नावलीनुसार मुलाखत घेतली आणि पुढे हाच अभ्यास दोन्ही शहरांतील इतर रुग्णालयांपर्यंत वाढवण्यात आला. या दुसऱ्या टप्प्यात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांनी ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांना छिन्नमनस्क ठरवले होते, पण प्रकल्पाच्या वैद्यांच्या मते ते प्रमाण सुमारे ३० टक्केच होते. लंडनमध्ये मात्र दोन्ही आकडे एक तृतीयांशाच्या आसपास जुळले. एकच मापदंड लावताच दोन शहरांतील रुग्णांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. याला पूरक म्हणून मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतील शेकडो मनोविकारतज्ज्ञांना दाखवण्यात आल्या, तेव्हा एका रुग्णाला ६९ टक्के अमेरिकन तज्ज्ञांनी छिन्नमनस्क म्हटले, तर ब्रिटिशांपैकी फक्त २ टक्क्यांनी.

या तफावतीची मुळे शिक्षणात होती. मनोविश्लेषणाच्या प्रभावाखालील अमेरिकन वैद्य ऑइगेन ब्लॉइलर याची व्याख्या अधिकच सैल करून विचारांतील किंचित विस्कळीतपणाही छिन्नमनस्कतेचे लक्षण मानत. ब्रिटिश परंपरा क्रेपेलिनच्या जवळची होती आणि ठळक भास किंवा भ्रम दिसल्याखेरीज ते नाव वापरण्यास ती सहसा राजी नसे. हा वाद केवळ पंडिती नव्हता, कारण उन्मादावर गुणकारी ठरलेल्या लिथियमला अमेरिकेत १९७० मध्ये मान्यता मिळाली आणि निदान चुकले तर योग्य औषध हुकण्याची शक्यता निर्माण झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने हाच प्रश्न ९ देशांत नेला. आग्रा, इबादान, काली, तैपेई, मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन, प्राग आणि आर्हुस या केंद्रांवरील १,२०२ रुग्णांच्या या अभ्यासात समान मुलाखत-पद्धत वापरल्यावर सर्वत्र सारख्या लक्षणांचा एक मोठा गट आढळला. छिन्नमनस्कतेची व्याख्या नेहमीपेक्षा व्यापक असलेली केंद्रे दोनच निघाली, मॉस्को आणि वॉशिंग्टन. शीतयुद्धातील प्रतिस्पर्धी राजधान्या या एका बाबतीत तरी एका बाजूला होत्या.

१९७३ मध्ये डेव्हिड रोझेनहॅन याने, खोटे भास सांगणाऱ्या निरोगी माणसांना रुग्णालयांनी दाखल करून घेतल्याचा वृत्तान्त छापला आणि मोठी खळबळ उडाली. त्या वृत्तान्ताच्या खरेपणाविषयी पुढे गंभीर शंका उपस्थित झाल्या असल्या, तरी त्या काळी मनोविकारशास्त्राच्या प्रतिष्ठेला बसलेला धक्का खराच होता. उपाय मात्र आधीच आकार घेत होता. सेंट लुईस येथील वैद्यांनी १९७२ मध्ये निकषांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि रॉबर्ट स्पिट्झर याच्या नेतृत्वाखाली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या तिसऱ्या निदानपुस्तिकेने हीच रीत स्वीकारली. सहमती मोजण्यासाठी जेकब कोहेन याने १९६० मध्ये सुचवलेला ‘कॅप्पा’ हा गुणांक वापरला जाऊ लागला. तो योगायोगाने जुळणारी मते वजा करतो, त्यामुळे संपूर्ण सहमतीला १ आणि निव्वळ योगायोगाला ० मिळतो.

निकषांमुळे शिस्त आली, पण सहमती म्हणजे सत्य नव्हे, हा भेद उत्साहात मागे पडला. दोन तराजूंमध्ये एकच खोट असली तरी वजने जुळतातच. नैराश्यविकारासाठी पुढे ९ पैकी किमान ५ लक्षणे आवश्यक ठरली, तेव्हा एकच सामाईक लक्षण असलेले दोन रुग्णही एकाच नावाखाली येऊ शकले. २०१३ मधील पाचव्या आवृत्तीच्या चाचण्यांत तर वैद्यांनी बांधीव प्रश्नावली न वापरता नेहमीच्या पद्धतीने रुग्ण तपासले, तेव्हा आघातोत्तर तणावविकाराचा कॅप्पा ०.६७, छिन्नमनस्कतेचा ०.४६, आणि बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणाऱ्या नैराश्यविकाराचा अवघा ०.२८ आला. संशोधकांच्या हाती रास्त सहमती देणारी पद्धत दैनंदिन चिकित्सेत, जिथे मुलाखतीला वेळ कमी असतो आणि अनेकदा एका रुग्णात दोन-तीन विकारांची लक्षणे मिसळलेली असतात, तेवढी टिकत नाही, हे त्या आकड्यांतून दिसले. आणि काही तज्ज्ञांनी सहमतीची अपेक्षाच खाली आणून ०.२ ते ०.४ हा गुणांकही स्वीकारार्ह मानावा असे सुचवले, जे १९७० च्या दशकातील स्पिट्झरच्या कसोटीवर नापास ठरले असते.