वाकडे दात आणि तारा : आजी-आजोबांसाठी थोडी माहिती

नातवंडांचे ‘यिशुर शिनायिम’ सुरू झाले की आपल्यातले पुष्कळजण मला विचारतात, तारेने दात सरळ होतात तरी कसे? आणि या वयात आमचे होतील का? मी नर्स होते, दातांची डॉक्टर नव्हे. तरी समजण्यापुरते सांगते.

दात कसा सरकतो?
दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा हलका दाब सतत राहिला की पुढच्या बाजूचे हाड झिजते, मागे नवे भरते. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, एवढीच चाल. म्हणून बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. जास्त जोर लावला तर मुळालाच इजा होते.

नातवंडांसाठी
वयाच्या ७ व्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवून घ्यावे. लगेच तारा लागतातच असे नाही. तारा असताना गरिनिम, चिक्की, चिकट टॉफी नको. खाल्ल्यावर ब्रश हवाच. तारा निघाल्या की रिटेनर वापरावा लागतो, नाहीतर दात पुन्हा फिरतात. तो जेवताना रुमालात गुंडाळू नये, कचऱ्यात जातो. गरम पाण्याने धुऊ नये, आकार बिघडतो.

आपल्या वयात
वय आड येत नाही. हिरड्या आणि हाड घट्ट हवे. पुढच्या दातांत अलीकडे फटी पडल्या, दात हलू लागले, तर ते बहुतेक वेळा हिरड्यांच्या आजाराचे लक्षण असते. आधी तो बरा करायचा, मग तारांचा विचार. इम्प्लांट मात्र तारेने सरकत नाही.

डॉक्टरांना सगळी औषधे सांगा. हाडे ठिसूळ होण्यावरच्या अ‍ॅलेंड्रोनेटसारख्या गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असतील तर दात हळू सरकतात, आणि दात काढावा लागला तर जबड्याची जखम क्वचित भरतच नाही. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ करणारी औषधेही सांगा. डायबेटिस असेल तर साखर ताब्यात हवी.

खर्च
इथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे दातांचे बरेच उपचार सरकारी आरोग्य योजनेत आहेत, पण सौंदर्यासाठी दात सरळ करणे त्यात नाही. आपल्या कुपात होलिमच्या पूरक विम्यात सवलत आहे का, ते विचारा. रिटेनर धरून एकूण खर्च लेखी घ्या, मगच सही करा.